द्राक्षांच्या मुलुखांतून मुंबईस

नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरी तालुक्यांतून मुंबईचा समुद्रकिनारा मोटारीनें एका दिवसांत सहज गांठतां येतो. हा रस्ता आमच्या परिचयाचा आहे; परंतु गेल्या हंगामांत आम्ही उभयतां त्या वाटेनें गेलों, तेव्हां जें पाहिलें व ऐकिलें तें बागाइतदार बंधुभगिनींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रवासाचें निमित्त असें होतें. आमची दोन एकर थॉमसन सीडलेसची बाग जुनी होऊन काढण्यास आली होती. तिच्या जागीं वाइनच्या द्राक्षांची लागवड करावी व दहा वर्षांचा करार करावा, अशी एका कंपनीची सूचना होती. कराराचा मसुदा हातीं आला होता आणि सहीसाठीं कंपनीच्या मुंबईच्या कचेरींत जावयाचें होतें. सौ. म्हणाली, "अहो, ज्या मालावर दहा वर्षें काढावयाचीं, तो माल वाटेंत एकदां नीट पाहूं या, सही पळून जात नाहीं."

पहिला थांबा गंगापूर धरणाच्या परिसरांत झाला. गोदावरीवरील या मातीच्या धरणाच्या आसपास उतारावर वाइनच्या द्राक्षांच्या रांगा दिसतात. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क काढले. त्यानंतर या धंद्यानें मूळ धरलें. शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या, आणि शिराझ व काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या जाती येथें मुख्य आहेत. एप्रिलची खरड छाटणी व पावसाळा सरतांना होणारी फळछाटणी हा क्रम आपल्या बागेसारखाच. परंतु मणी लहान, साल जाड व आंत बिया. घड मुद्दाम थोडे राखतात, म्हणून एकरी उत्पन्न खाण्याच्या द्राक्षांपेक्षां बरेंच कमी येतें. गोडी मात्र वीस ते चोवीस ब्रिक्सपर्यंत चढूं देतात. पांढऱ्या द्राक्षांचा रस आधीं काढून मग आंबवितात. काळ्या द्राक्षांचा रंग सालींत असल्यामुळें तीं सालीसकट आंबवितात. हें सर्व आम्हांस वाइनरींत दाखविण्यांत आलें. सौ. वारकरी घराण्यांतली, तिनें पेल्यास हात लावला नाहीं, पण चार मणी तोंडांत टाकून बिया तळहातावर घेतल्या आणि विचारलें, "हीं द्राक्षें कंपनीनें नेलीं नाहींत, तर खाणार कोण?" दाखविणारे गृहस्थ हंसले. उत्तर मिळालें नाहीं.

तें उत्तर पुढें गिरणाऱ्याच्या वाटेवर एका वृद्ध शेतकऱ्याकडून मिळालें. २००८ सालीं जगभर मंदी आली, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलांतील पाहुणे ओसरले. वाइनरींच्या टाक्या आधींच भरलेल्या होत्या. पुढील हंगामांत कित्येकांचा माल वेलींवरच राहिला. ज्यांचा गेला, त्यांतील अनेकांचे पैसे अडकले. या बाबांनीं २०१० सालीं तीन एकर बाग मुळासकट काढली. ते म्हणाले, "वहिनी, माल वाईट नव्हता. गोडी भरपूर होती. पण घेणारा एकच, आणि त्यानेंच दार लावून घेतलें. खांब विकले. तारा अजून गोठ्याच्या कुंपणाला आहेत." त्या तारा आम्हीं पाहिल्या.

आग्रा रस्त्यानें इगतपुरीस येऊन चहास थांबलों, तेथें सौ.नें मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी तो दोनदां वाचला होता. पण मी लिहिलेलें वाचलें होतें, तिनें न लिहिलेलें वाचलें. दर "गोडी व प्रत पाहून" ठरेल असें होतें, पण कमीतकमी दर नव्हता. माल केव्हां उचलणार याची मुदत नव्हती. आणि कंपनीनें माल घेतला नाहीं तर काय, याविषयीं एक ओळही नव्हती. पुढें कसारा घाट उतरतांना आमच्यापुढें द्राक्षांचे ट्रक होते. येथून १८६५ सालीं आगगाडी वर चढली, तेव्हांपासून आमच्या मुलुखाचा माल या घाटानें मुंबईस उतरत आहे. त्याचें पुढें काय होतें हें पाहण्यास आपण क्वचितच मागोमाग जातों, असें त्या वेळीं मनांत आलें.

ठाण्यास धाकट्या भावाकडे रात्र काढून पहांटे वाशीचा फळबाजार गांठला. थॉमसन, सोनाका, काळें शरद अशा पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. सौ.नें पदरास बांधून आणलेला वाइनच्या द्राक्षांचा घड एका आडत्यापुढें ठेविला. त्यानें एक मणी दाबला, बी पाहिली आणि घड परत केला. "ताई, असला माल गिऱ्हाइक हातांत धरीत नाहीं." खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडतो, हें आपण सर्व जाणतों, पण तीं परदेशीं गेलीं नाहींत तर वाशीस येतात, वाशीस उठाव नसला तर त्यांचा बेदाणा करतां येतो. वाइनच्या द्राक्षांस दुसरें दार नाहीं. दोन्ही पिकांतील खरा फरक हाच आहे.

खाडी ओलांडून कंपनीच्या कचेरींत गेलों. अधिकारी सभ्य होते. आम्हीं तीन कलमें मागितलीं: किमान दर आंकड्यांत लिहावा, ठरलेली गोडी भरल्यापासून किती दिवसांत तोडणी करून माल उचलणार तें लिहावें, आणि माल न उचलल्यास नुकसानभरपाई किती तें लिहावें. कलमें वरिष्ठांकडे पाठवूं, असें सांगण्यांत आलें. सही न करितां आम्ही उठलों. सायंकाळीं चौपाटीवर बसलों असतां मी म्हणालों, "दोनशें किलोमीटर येऊन हात हालवीत परत चाललों." सौ. म्हणाली, "जमीन आपल्या हातांत घेऊन चाललों आहों, हें कांहीं थोडें नव्हे."

कंपनीचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तीं कलमें मान्य झालीं, तर एक एकर वाइनच्या द्राक्षांस व एक एकर खाण्याच्या द्राक्षांस, असा आमचा बेत आहे; न झालीं तर दोन्ही एकर खाण्याच्या द्राक्षांस. वाइनचा धंदा वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें नाशिकचें नांव दूरवर नेलें आहे, व वेळेवर पैसे मिळालेले शेतकरीही आम्हांस भेटले. परंतु ज्या पिकास एकच गिऱ्हाइक आहे, त्याची जोखीम दोघांनीं वांटून घेतली पाहिजे, आणि ती वांटणी कागदावर उतरली पाहिजे. वाचकांपैकीं कोणापुढें असा मसुदा आला असेल, तर त्यांनीं तो सहीपूर्वीं घरच्या कारभारणीस एकदां अवश्य वाचावयास द्यावा, एवढीच विनंती.