पोट काय म्हणतंय?

मित्रहो, मेसच्या रांगेत ताट घेऊन उभे असताना आपण काय काय बघतो? आज भाजी कोणती, पोळी गरम आहे का, मित्राने जागा धरली की नाही! पण आपल्याला खरोखर भूक लागली आहे का, आणि लागली असेल तर किती, हे मात्र सहसा कुणी बघत नाही.

२०१८ साली महाराष्ट्रात खाण्यावरून मोठा वाद रंगला होता, आठवतो? डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा, आपल्या भागातलं खा. घराघरांत दोन पार्ट्या पडल्या. पण या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. दीक्षितांच्या दोन वेळा म्हणजे कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा, आणि त्या ज्याच्या त्याने ओळखायच्या. दिवेकरही पोटाकडे लक्ष देऊन जेवायला सांगतात. म्हणजे दोघांचा पहिला धडा एकच, आधी भूक ओळखा. आणि आपण नेमका तोच ऑप्शनला टाकतो!

आता ही भूक चालते कशी ते बघू. पोट रिकामं झालं की त्यातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक निघतं आणि मेंदूला सांगतं, "माल संपला." त्याचा शोध १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लावला. त्याआधी १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं होतं. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि साठा किती आहे ते कळवतं. जेवताना पोटाच्या भिंती ताणल्या जातात, आतड्यांतूनही संदेश जातात आणि मेंदू म्हणतो, "बास." म्हणजे आपल्या भाषेत ही सरळ क्लोज्ड लूप सिस्टिम आहे. पण तिच्यात एक डेड टाइम आहे. पोट भरल्याचा निरोप पूर्ण पोहोचायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. आणि आपण जेवतो किती वेळात? सात मिनिटांत! मग ओव्हरशूट होणारच. रविवारच्या फीस्टनंतर दुपारभर जे आडवं व्हावं लागतं, त्याचं मोठं कारण हेच. चरकसंहितेत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला आणि एक पातळ पदार्थांना द्यावा, तिसरा मोकळा ठेवावा असं सांगितलं आहे. सेफ्टी मार्जिन म्हणा ना!

मग पोट मागेल तेव्हा आणि मागेल तेवढं खाल्लं की झालं का? इतकं सोपं नाही. सिग्नलमध्ये नॉइज असतो, आणि हॉस्टेलमध्ये तर जरा जास्तच.

पहिला नॉइज जागरणाचा. शिकागोमध्ये १२ निरोगी तरुणांवर केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपल्यावर त्यांचं घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि लेप्टिन १८ टक्के घटलं. हे प्रमाण दोन रात्री दहा-दहा तास झोपल्यानंतरच्या तुलनेतलं. भूक वाढली आणि गोड, खारट, पिठूळ खाण्याची ओढही वाढली. सबमिशनच्या रात्री दोन वाजता मॅगी का आठवते, ते कळलं ना? ती भूक बऱ्याच अंशी झोपेची थकबाकी असते.

दुसरा नॉइज सवयीचा. घ्रेलिन आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेच्या जरा आधी वाढतं. रोज नाश्ता बुडवून चहा ढोसत राहिलं की शरीर हळूहळू सकाळी मागायचंच सोडतं. आपण म्हणतो, "मला सकाळी भूकच लागत नाही." आणि मग बाराच्या लेक्चरला डोळे मिटायला लागतात.

तिसरा नॉइज आपल्या खान्देशचा खास. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, धुळ्यातही उन्हाचा तडाखा कमी नसतो. उन्हात भूक मंदावते आणि तहानेचा निरोप उशिरा येतो. ऐन परीक्षेत डोकं दुखतं, चक्कर येते. अशा दिवसांत तहानेची वाट बघू नका. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, हा तहानेपेक्षा भरवशाचा इंडिकेटर. ताक, लिंबूपाणी जवळ असू द्या.

जेवण झालं की ऐकणं संपलं असंही नाही. दोन तासांनी पुन्हा विचारा, कसं वाटतंय? काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी जिभेला झकास लागते, पण रात्री अकराला खाऊन लगेच झोपलात तर छातीतली जळजळ तिचा अभिप्राय देतेच. याउलट कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं की बराच वेळ काही मागावंसं वाटत नाही. ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, म्हणून चोथा आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. आजीला घ्रेलिन ठाऊक नव्हतं, पण शेतात राबणाऱ्याला दुपारपर्यंत काय पुरतं, हे पक्कं ठाऊक होतं.

काही निरोप मात्र गंभीर असतात. पाटीवरची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही चेष्टेची गोष्ट नाही. बऱ्याचदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. लेडीज हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनो, जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं. तसंच तहान-भूक खूप वाढूनही वजन उतरत असेल, किंवा अन्नावरची वासनाच उडाली आणि डोळे पिवळे दिसू लागले, तर मित्रांचे सल्ले पुरे, थेट डॉक्टर गाठा. आणि ज्यांची मधुमेहाची औषधं चालू आहेत, त्यांनी कुणाचंही ऐकून आपल्या मनाने जेवणं कमी करू नयेत.

चरकांनी अडवू नयेत असे तेरा नैसर्गिक वेग सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान आणि झोप तिन्ही आहेत. आपण मात्र पीएलमध्ये नेमके हेच तीन दाबतो!

मग करायचं काय? आठवडाभर एवढंच करून बघा. ताट घेण्याआधी विचारा, भूक आहे की नुसता कंटाळा? निम्मं जेवण झालं की घास थांबवा, दोन मिनिटं गप्पा मारा, मग ठरवा. आणि दोन तासांनी कसं वाटलं ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहा. सात दिवसांत तुमचं स्वतःचं रीडिंग तयार होईल, ते कुणाकडून कॉपी करता येणार नाही.

आणि रेक्टर सरांना, मॅडमना एक विनंती. पहिल्यांदा थोडं वाढून पुन्हा यायची मोकळीक, आणि सकाळच्या प्रॅक्टिकलआधी नाश्त्याला पुरेसा वेळ, एवढं मेसमध्ये सांभाळलं तरी ताटात टाकलं जाणारं अन्न वाचेल आणि वर्गात पेंगणारी डोकीही कमी होतील.