२४० दिवसांची रेघ

महाराष्ट्रातल्या मोठ्या कारखान्यांचा इतिहास सांगताना आपण संपांची नावे घेतो. १९८२ चा गिरणी संप, १९८९ चा टेल्कोचा, २०१३ चा चाकणचा. संप दिसतात, त्यांचे मोर्चे आणि फोटो मागे राहतात. हजेरीपटावर हळूहळू काय बदलत गेले, त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. माझ्या मते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी उलथापालथ तिथेच झाली. एकाच छताखाली, एकाच मशीनवर काम करणाऱ्यांत ‘पर्मनंट’ आणि बाकीचे अशी रेघ पडली, आणि बाकीचे वाढत गेले.

ही रेघ नवी नाही. गिरणगावात ‘बदली’ कामगार होताच. पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर उभे राहायचे, कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या मागावर उभे राहायचे, नाहीतर घरी परत. कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर असे. त्याला आळा घालायला १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंदणी सुरू झाली. जॉबरचा हात थोडा आखडला, पण बदली ही अवस्था काही संपली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीइतकाच राग १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर होता. त्या कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली. कामगार कुणाच्याही मागे असले तरी बोलणी त्याच संघाशी. तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. कामगार थकत, पांगत गेले. कुणी कोकणात, कुणी घाटावर गावाकडे परतले, आणि गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट वेगळी वाटत होती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने. सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून आयटीआय झालेली पोरे इथे आली. या पिढीच्या हाती एक भक्कम नियम होता. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा झालेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे लागे. शिवाय १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा कायद्याने, कायमचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली. त्याविरुद्ध कोर्टात जाता येत होते.

पर्मनंट होणे म्हणजे काय, हे त्या भागातल्या कुठल्याही घरात विचारावे. कंपनीची बस, कँटीन, दिवाळीचा बोनस, बँकेचे घरकर्ज, दर तीन वर्षांनी पगारवाढीचा करार. लग्नाच्या बैठकीत मुलगा पर्मनंट आहे का, हा पहिला प्रश्न असे. कामगार माणसाला पुढच्या वीस वर्षांचा विचार करता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याला पगाराची चिंता कधी पडली नाही त्याला कळणे कठीण.

टेल्कोचा संघर्ष याच सुस्थितीतल्या कामगारांचा होता. कामगार नेते राजन नायर यांना कंपनीने कामावरून काढले, तरी कामगारांचा मोठा भाग त्यांच्या टेल्को कामगार संघटनेमागे राहिला. रतन टाटांनी १९८८ च्या अखेरीस कंपनीची सूत्रे घेतली होती. नायर यांच्याशी बोलणी नाहीत, हा त्यांचा पवित्रा शेवटपर्यंत टिकला आणि व्यवस्थापनाने करार दुसऱ्या युनियनशी केला. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले. पुण्यातल्या त्या पिढीच्या आठवणीत ते दृश्य अजून आहे. मुख्यमंत्री शरद पवार होते. २८ सप्टेंबरच्या रात्री मोठा पोलीस फौजफाटा आला, उपोषणकर्त्यांना गाड्यांत भरून नेले आणि संप मोडला. व्यवस्थापनाची बाजू अशी की कुठल्या नेत्याशी बोलायचे हे धमकीखाली ठरवता येत नाही. त्यात तथ्य आहे. पण बहुसंख्य कामगारांनी निवडलेला माणूस मान्य नाही असे म्हणून सही दुसऱ्याची घेणे, ही गिरणगावातलीच जुनी चूक होती, आणि ती अधिक सुशिक्षित कारखान्यात झाली याचे मला जास्त वाईट वाटते.

त्यानंतरच्या वर्षांत उद्योगांनी एक धडा घेतला. कायम कामगारांची संख्याच कमी ठेवावी. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, कामे बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडे गेली, रोबो आले. आणि २४० दिवसांचा तो नियम उलटा फिरला. पायरी म्हणून घातलेली अट कुंपण झाली. पोराला सात महिन्यांसाठी घ्यायचे, २४० भरण्याआधी ‘ब्रेक’ द्यायचा, त्याच्या जागी दुसरा. ब्रेक मिळालेला शेजारच्या कंपनीत सात महिने, मग तिसरीकडे. दहा वर्षांचा अनुभव गाठीशी, पण कुठल्याच हजेरीपटावर एक पुरे वर्ष नाही. आयटीआयमध्ये शिकलेले हात, कायम कामगाराच्या शेजारी उभे राहून तेच नट आवळणारे, आणि पगार त्याच्या एका तुकड्याएवढा. पुढे शिकाऊ उमेदवार आले, २०१३ पासून ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेचे ट्रेनी आले, ठेकेदाराची माणसे तर होतीच.

कोर्टाची वाटही अरुंद झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात ठरवले की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. त्याच वर्षी कल्याणी स्टील्सच्या कँटीन कामगारांच्या प्रकरणात असेही स्पष्ट झाले की मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार करता येणार नाही. आधी आपण याच कंपनीचे कामगार आहोत हे दुसरीकडे सिद्ध करून या. ज्याच्याकडे ओळखपत्रही ठेकेदाराचे आहे त्याने हे कसे करायचे?

चाकणला बजाज ऑटोत २५ जून २०१३ ला काम थांबले तेव्हा हे सारे उघडे पडले. विश्व कल्याण कामगार संघटनेची एक मागणी देशभर गाजली: प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर. नफ्यात वाटा मागण्याची कल्पना मला धाडसी वाटली आणि आजही वाटते. पण कंपनीने काही उत्पादन वाळूजला हलवले आणि ५० दिवसांनी, १४ ऑगस्टला, संप विनाअट मागे घ्यावा लागला. शेअरची मागणी ज्यांच्यासाठी होती ते कायम होते. तिकडे हरियाणात मानेसरला, ऑक्टोबर २०११ मध्ये, मारुतीचे कायम कामगार आपल्या कंत्राटी सोबत्यांना परत घ्या म्हणून कारखान्यातच बसून राहिले होते. पुढच्या जुलैतल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि त्या एकजुटीची आठवण त्याखाली गाडली गेली. त्या मृत्यूचे समर्थन होऊच शकत नाही. तरीही ऑक्टोबरचा तो बैठा संप आपल्याकडच्या युनियनांनी विसरू नये असे वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. स्थायी आदेश आता ३०० कामगारांपासून पुढे सक्तीचे; ठरावीक मुदतीच्या नोकरीला कायद्याची पूर्ण मान्यता. वाटाघाटीचा हक्क हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला. ठेकेदाराची माणसे त्या हजेरीपटावर नसतात.

पण वेगळी वाटही आहे. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला होता. ज्या हमालाला एक मालक नाही त्याची नोंद मंडळाकडे. मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा मंडळामार्फत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने ते मिळवले, आणि १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही तशीच व्यवस्था झाली. सात महिन्यांनी कंपनी बदलणाऱ्या चाकणच्या पोराची सेवा अशीच एका मंडळाकडे जोडून का धरता येऊ नये? पगारवाढीच्या पुढच्या करारात कायम कामगारांच्या युनियनांनी ही मागणी पहिल्या कलमात घालावी. करार करायला टेबलापाशी आज तरी तेच बसतात.