थर्मामीटर दहावर, मग बर्फ कसा?

जानेवारीतल्या एका सकाळी कळव्याच्या आमच्या शाळेत आठवीतल्या एका मुलीने वर्तमानपत्राचे कात्रण आणले. वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर साचल्याचे छायाचित्र आणि वर मथळा, 'महाबळेश्वरात बर्फ'. त्याच पानावर राज्यातील किमान तापमानांचा तक्ता होता. त्यात महाबळेश्वरपुढे दहा अंश सेल्सिअस छापले होते. मुलीने सरळ विचारले, "पाणी शून्य अंशाला गोठते असे तुम्ही शिकवता. मग दहा अंशांना बर्फ झाला कसा? पुस्तक खोटे की पेपर?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माझे मामा निफाडला आहेत. चार रात्री झोपले नाहीत. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसतात." त्या मामांच्या दृष्टीने हा प्रश्न परीक्षेतला नव्हता, वर्षाच्या पिकाचा होता.

आधी एक गैरसमज दूर करू. महाबळेश्वरला दिसतो तो पडलेला बर्फ नव्हे. हिमवर्षाव ढगातून होतो आणि या रात्री तर आकाश निरभ्र असते. हा बर्फ जागच्या जागी तयार होतो. हवेतली वाफ थंडगार पृष्ठभागावर दव होऊन बसते आणि ते दव गोठते, किंवा वाफ थेट बर्फकणांच्या रूपात जमते. म्हणून तो झाडाखाली सापडत नाही, उघड्यावर सापडतो. खालून सरकलेल्या पावसाने नव्हे, तर वरच्या मोकळ्या आकाशाने तो घडवलेला असतो.

आता दहा अंशांचे कोडे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेला असतो. तो सांगतो ते सावलीतल्या, खेळत्या हवेचे तापमान. गवताच्या पात्याचे तापमान तो सांगत नाही आणि रात्री या दोहोंत बरेच अंतर पडते. प्रत्येक वस्तू आपली उष्णता अवरक्त प्रारणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. दिवसा सूर्य ही तूट भरून काढतो. रात्री भरपाई होते ती केवळ हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग यांनी परत पाठवलेल्या प्रारणांची. ढग असतील तर ती भरपूर होते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॅट इतकी निव्वळ तूट राहते. वारा असेल तर वरची उबदार हवा ढवळून खाली येते. वाराही पडला, की गवत आणि त्याला टेकलेली हवा सर्वांत थंड आणि त्यावरची हवा त्यापेक्षा उबदार, असा उलटा क्रम लागतो.

हे आपल्या देशातल्या कारागिरांना यंत्रे येण्यापूर्वीच ठाऊक होते. अलाहाबादकडच्या भागात थंडीच्या रात्री उथळ खड्ड्यांत वाळलेल्या धाटांचा थर पसरून त्यावर मातीची उथळ पात्रे ठेवत, त्यांत पाणी भरत आणि पहाटे बर्फ गोळा करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचे वर्णन छापले. पात्रांभोवतालची हवा शून्याच्या वर असतानाही बर्फ होई. खालची धाटे जमिनीची ऊब अडवत आणि पात्राचे तोंड आकाशाकडे उघडे राही. या प्रकाराची बरोबर उकल पुढे विल्यम चार्ल्स वेल्स यांच्या दवावरील १८१४ सालच्या निबंधाने झाली. वेण्णाकाठच्या मोटारीचा टप म्हणजे तेच मातीचे पात्र समजा. पातळ पत्रा, खाली हवा, वर आकाश.

मग महाबळेश्वरच्या बाजारपेठेत बर्फ का नाही? थंड हवा जड असते. डोंगरउतारावर थंड झालेली हवा पाण्यासारखी ओघळत सखल जागी साचते आणि तलावाचा परिसर असाच सखल आहे. याच कारणाने आणखी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरपेक्षा त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवरचे निफाड रात्री अधिक गारठते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. उंच जावे तसे थंड, हा भूगोलाचा नियम दिवसाच्या ढवळलेल्या हवेला लागू पडतो. रात्रीच्या शांत हवेत नदीखोऱ्याचा सपाट तळ डोंगरमाथ्यावर मात करतो. तक्ते पाठ करून घेताना आपण हे सहसा सांगत नाही.

आमच्या कळव्यात मात्र पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीही गवत कधी गोठत नाही. खाडी जवळ, समुद्र जवळ, हवेत वाफ भरपूर. ही वाफ दोन प्रकारे आडवी येते. एक तर ती जमिनीची उष्णता परत पाठवते. दुसरे, हवा थंड होत होत ज्या तापमानाला वाफेने संपृक्त होते, त्या दवबिंदू तापमानाला पोहोचली की दव पडू लागते. (वर्तमानपत्रे दवाच्या थेंबालाच 'दवबिंदू' म्हणतात, त्यामुळे मुलांचा घोटाळा होतो. तो आधी निस्तरावा.) एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५९० कॅलरी उष्णता बाहेर पडते. पुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांचा आहे. ही उष्णता पुढची घसरण रोखते. म्हणजे संध्याकाळचे दवबिंदू तापमान हा रात्रीच्या थंडीचा जणू तळ असतो. पारा त्याच्या फारसा खाली जात नाही. जानेवारी १९६२ मध्ये उत्तरेकडून आलेल्या थंड लाटेत सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याची नोंद मात्र ११.७ च्या खाली कधीच गेलेली नाही. लोकलने बदलापूर-कर्जतकडे जाताना पहाटेचा गारठा वाढत जातो, त्याचे कारणही हेच, समुद्रापासूनचे अंतर.

आता मामांच्या बागेकडे वळू. पान गोठते तेव्हा बर्फ प्रथम पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळ्यांत होतो आणि पेशींतले पाणी ओढून घेतो. ऊन आल्यावर पान करपल्यासारखे दिसते ते त्यामुळे. द्राक्षाला मात्र शून्यापर्यंत जाण्याचीही गरज नसते. दोन-चार अंशांच्या रात्री लागोपाठ आल्या की मण्यांची फुगवण थांबते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की मणी तडकतात, हिरव्या जातीच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. 'पिंक बेरी' झालेला माल निर्यातीला चालत नाही. घडांना कागद गुंडाळतात तो यासाठीच.

बागाईतदार दोन उपाय करतात, शेकोटी आणि पाणी. त्यांचा हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. दर चौरस मीटरला ८० वॅट तूट आणि रात्र दहा तासांची धरली, तर एकूण तूट ३,२०० युनिट होते. विहिरीचे पाणी २४ अंशांचे आहे आणि ते ४ अंशांपर्यंत थंड होईल असे माना. लिटरमागे २० किलोकॅलरी मिळतील. एकरी २० हजार लिटर पाणी दिले तर ४ लाख किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४६५ युनिट. तुटीचा सातवा हिस्सा भरला. हा वाटा लहान वाटेल, पण पाण्याचे दुसरे काम मोठे आहे. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा असते आणि हवा उष्णता वाहू देत नाही. ओली माती दिवसाचे ऊन खोलवर साठवते आणि रात्री वर पाठवते. म्हणून पाणी आदल्या दुपारपर्यंत दिलेले बरे, पहाटे पुन्हा थोडे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणून शेतकरी एरवी वैतागतो, थंडीच्या लाटेत तीच पाळी कामी येते.

शेकोटीबाबत आमचे मत रूढ समजुतीहून वेगळे आहे. ओला पालापाचोळा जाळून खूप धूर करावा, धुराचे पांघरूण ऊब अडवते, असे सांगितले जाते. पण धुराचे कण बहुतांशी एक मायक्रोमीटरहून लहान आणि जमिनीच्या प्रारणाची तरंगलांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास. असला धूर दिसायला दाट असला तरी या प्रारणाला फारसा अडवत नाही, माणसांच्या छातीत मात्र जातो. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिने हवा ढवळण्याचा. तेव्हा बांधावर एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत वेलींना झळ न लागेल अशा जागी पुष्कळ लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा मांडव ओलांडून सरळ वर निघून जाते. सरपणाचाही हिशेब घाला. एक किलो कोरड्या लाकडातून साधारण चार युनिट उष्णता मिळते. सगळी तूट लाकडाने भरायची तर एकरी ८०० किलो लाकूड एका रात्रीत जळेल. म्हणून शेकोटी संध्याकाळपासून नको. पहाटेचे शेवटचे तीन-चार तास सर्वांत थंड, तेव्हासाठी राखून ठेवावी.

हे सर्व कळव्यात करून पाहता येते. निरभ्र रात्री शाळेच्या किंवा घराच्या गच्चीवर थर्मोकोलच्या तुकड्यावर काळा कागद चिकटवून त्यावर एक तापमापक आडवा ठेवा. दुसरा तसाच उघड्या छत्रीखाली, तिसरा छातीच्या उंचीवर टांगलेला. आसपास उंच भिंती नसाव्यात. भिंती दिवसभर साठवलेली उष्णता फेकत असतात आणि आकाशही झाकतात. तासाने तिन्हींची नोंद घ्या. बर्फही करता येईल. स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ तीन भाग आणि मीठ एक भाग ढवळा. पेल्याच्या बाहेरून आधी थेंब जमतात, मग पांढरा थर येतो.

त्याआधी मात्र मीठ न घालता एक प्रयोग करावा. चकचकीत पेल्यात साधे पाणी घ्या, त्यात बर्फ थोडा थोडा घालत सावकाश ढवळा आणि पेल्यावर पहिले धुके धरेल तेव्हाचे तापमान लिहा. तेच त्या संध्याकाळचे दवबिंदू तापमान. पेल्यावर श्वास पडू देऊ नका, नाहीतर आकडा चुकेल. कळव्यात धुके बहुधा दहा अंशांच्या बऱ्याच वर असतानाच धरते. त्या मुलाने हा प्रयोग घरी केला आणि मग मामांना फोनवर सांगितला. निफाडला एखाद्या शांत, निरभ्र संध्याकाळी बर्फाचे पाणी शून्यापर्यंत उतरूनही पेला कोराच राहिला, तर त्या रात्री सरपण जवळ ठेवून पहाटे दोनचा गजर लावायचा, असे दोघांचे ठरले आहे.