संगणकाची पदवी : एक विषय की जोडविषय?

बारावीचे निकाल लागले की सुरतेतील लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील मराठी घरांत खल सुरू होतो. यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून येऊन येथे स्थिरावलेली अशी कितीतरी कुटुंबे या वस्त्यांत आहेत. मुलाने किंवा मुलीने संगणक शिकावा याविषयी घरात सहसा दुमत नसते. दुमत होते ते पुढच्या पायरीवर. निव्वळ संगणकशास्त्राची पदवी घ्यावी, की त्याच्या जोडीला गणित, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र असा दुसरा विषय तितक्याच मानाने घ्यावा? फीचे पैसे एकदाच उभे करता येतात. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही.

आधी हिशेब पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. मुख्य विषयाचे त्यांत निदान ६० हवेत. दुहेरी मुख्य विषयाची पदवी हवी असेल, तर दुसऱ्या विषयाचेही निदान ४८ मिळवावे लागतात. म्हणजे १०८ श्रेयांक दोन विषयांतच संपले! ऐच्छिक विषयांत रमण्यास मग फारशी जागा उरत नाही. म्हणून जोडपदवीचे माहितीपत्रक हाती आले की नाव वाचून थांबू नये. विदासंरचना, कार्यप्रणाली, संगणकजाल, विदागार हे पायाचे विषय त्यांत शाबूत आहेत का, ते पाहावे. त्यांतील एकदोन गळाले असतील, तर ती जोडपदवी नव्हे, तडजोड होय.

दुसरी गफलत गणिताविषयी होते. ‘मुलाला गणित आवडते’ असे पालक सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात उदाहरणे झटपट सोडविणे असते. पदवीचे गणित मात्र सिद्धतेचे असते. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते आणि ते खरे का, एवढेच सांगावयाचे असते. संगणकाच्या एकविषयी पदवीतही संभाव्यता, रेषीय बीजगणित, विविक्त गणित हे भाग असतातच. तेवढ्याने भूक भागणार असेल, तर जोडविषयाचा हव्यास कशाला?

पण दुसऱ्या विषयाचे मोल कळण्यासाठी सुरतेइतके चांगले ठिकाण नाही. येथल्या कारखान्यांत कच्चा हिरा आज यंत्राखाली तपासला जातो, आणि त्यातून कोणत्या आकाराचे किती हिरे निघतील याचा आराखडा संगणक मांडतो. काम वरवर सोपे वाटते. परंतु हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२, प्रकाश त्यात शिरताना इतका वाकतो की आतला डाग दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. त्याची खरी जागा शोधणे हे प्रकाशशास्त्राचे काम आहे. पुढे भूमिती येते आणि तिच्या पाठोपाठ बाजार. एक कॅरेट म्हणजे अवघे ०.२ ग्रॅम, पण वजन एक कॅरेटच्या किंचित खाली घसरले, तर दर कॅरेटमागचा भावच खाली येतो. म्हणजे नुसते वजन वाचवून भागत नाही. भावाची ही उडी हिशेबात धरावी लागते. असल्या आज्ञावलीचा गाभा केवळ आज्ञा लिहिणाऱ्याच्या हातून उतरणे कठीण.

याउलट ज्याला संगणकाच्याच पोटात शिरावयाचे आहे, कार्यप्रणाली, संकलक, सुरक्षा यांत काम करावयाचे आहे, त्याने बेलाशक एकच विषय धरावा. त्या वाटेवर चार वर्षेही थोडी पडतात.

शहरात सोयी आहेत. १९६१ साली स्थापन झालेल्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत संगणकाची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी आहे, तशीच गणिताची पाच वर्षांची एकात्मिक एम. एस्सी.ही आहे. २०१७ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थाही येथे आहे. बाहेर पाहावयाचे तर पिलानीच्या बिट्समध्ये गणिताची एम. एस्सी. आणि अभियांत्रिकीची पदवी मिळून पाच वर्षांत घेता येतात. मात्र अभियांत्रिकीची शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळते, संगणकच मिळेल अशी हमी नसते. ही अट पुष्कळांना प्रवेशानंतर कळते.

वाट चुकलीच तर परतण्याची सोय दोन्हीकडे सारखी नाही, हेही ध्यानी घ्यावे. गणिताचा पदवीधर एम. सी. ए. करून संगणकाकडे वळू शकतो. तो अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. नुसता संगणक शिकलेल्याला गणिताच्या एम. एस्सी.चे दार सहसा उघडत नाही, कारण तेथे पदवीला गणित असावे लागते. एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास २०२२ पासून मुभा आहे, आणि मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२१ मध्ये सुरू केलेला विदाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. परीक्षेला मात्र केंद्रावर जावे लागते.