एकटे जा, पण सुटे जाऊ नका

पहिल्यांदाच आणि घरचे कोणी सोबत नसताना सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मराठी माणसांची यादी केली, तर आनंदीबाई जोशी यांचे नाव फार वरचे लागेल. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. वय अवघे अठरा. त्यांच्या धाडसाची गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. पण त्या धाडसाला सावधपणाची जोड होती, तिकडेही जरा पाहिले पाहिजे. अमेरिकेत कोणाच्या दारात उतरायचे, हे त्यांना निघण्यापूर्वी पक्के ठाऊक होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आलेल्या होत्या. म्हणजे आनंदीबाई एकट्या गेल्या, पण सुट्या गेल्या नाहीत.

एकटे आणि सुटे यांतला हा फरकच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. आज आपल्या खेड्यापाड्यांतली मुले दुबई, मस्कत, कतार, सौदी अरेबिया येथे कामाला जातात. रत्नागिरीकडे तर अशी गावे आहेत की, जिथे घरटी एखादा माणूस आखातात असतो. कोणी ड्रायव्हर, कोणी वेल्डर, कोणी स्वयंपाकी. पहिल्या खेपेला जाणाऱ्याला आपण विचारतो, “भीती नाही ना वाटत?” खरे तर विचारायला हवे ते असे: “तिथे तुला घ्यायला कोण येणार आहे? तुझे कागद कोणाजवळ आहेत? आणि तू कुठे आहेस हे गावात कोणाला ठाऊक आहे?” या तीन प्रश्नांना नीट उत्तरे असतील, तर भित्रा माणूससुद्धा सुखरूप जाऊन येतो. नसतील, तर शूराचीही फसगत होते.

पहिला प्रश्न, घ्यायला कोण येणार? याचे उत्तर गावातच, पैसे देण्यापूर्वी मिळवायचे असते. दलाल सांगतो, “व्हिसा तयार आहे. पासपोर्ट आणि पैसे द्या, आठ दिवसांत विमानात बसवतो.” अशा वेळी घाई करू नका. परदेशात नोकरी लावून देण्याचा धंदा करणाऱ्याला १९८३ च्या प्रवासी कायद्याप्रमाणे भारत सरकारची नोंदणी लागते. अशा नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. त्याने नोकरी लावून देण्याबद्दल घ्यायचा मोबदलाही ठरलेला आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर. पैसे दिल्याची पावती मागा. जो पावती द्यायला कां-कूं करतो, तो पुढे फोनही उचलणार नाही, असे धरून चाला.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर साधारणपणे ‘ईसीआर’ अशी खूण असते. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया वगैरे ठरलेल्या देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारची परवानगी काढावी लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण ती परवानगी देताना मालक कोण, पगार किती, करार काय, हे तपासले जाते. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत नाव घालावे लागते. तिचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना १० लाख रुपये मिळतात. दलाल ही सगळी वाट चुकवतो आणि सांगतो, “सध्या पाहुण्याच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून घेऊ.” तिथेच थांबा. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे हा त्या देशात गुन्हा असतो. मग मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करायला जाणार कुठे? तक्रार करणाराच आधी गुन्हेगार ठरतो.

हे फक्त कमी शिकलेल्यांचे होते असे समजू नका. २०२२ पासून संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून शिकलीसवरली मुले थायलंडला बोलावली गेली. तिथून त्यांना मोई नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेले आणि फोनवरून लोकांना लुबाडण्याच्या कामाला जुंपले. मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणले. या मुलांना विमानतळावर घ्यायला कोणी आलेच नव्हते असे नव्हे. येणारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून कंपनीचे नाव, पत्ता आणि फोन नंबर निघण्यापूर्वी हातात असू द्या. त्या शहरात आधीपासून राहणाऱ्या एखाद्या माणसाकडून, नाहीतर तिथल्या भारतीय दूतावासाकडून, ती कंपनी खरोखर आहे की नाही याची खातरजमा करा.

आता निघण्याचा दिवस. घरातली सगळी माया त्या दिवशी बॅगेत उतरते. आई लाडू देते, काकू लोणचे देते, आणि शेजारी एक पुडके आणून म्हणतो, “एवढे आमच्या भाच्याला दे.” इथे मन थोडे घट्ट करावे लागते. २०१९ साली मुंबईच्या एका जोडप्याजवळ नात्यातल्याच माणसाने दिलेल्या पुडक्यात कतारच्या विमानतळावर चरस सापडला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती निर्दोष आहेत हे सिद्ध होऊन मायदेशी परतायला २०२१ साल उजाडले. तेव्हा दुसऱ्याचे पुडके घ्यायचे तर ते आपल्या हाताने उघडून, आतली वस्तू पाहून घ्या; दाखवायला तो तयार नसेल, तर घेऊ नका. राग आला तर येऊ द्या.

घरच्या वस्तूंचेही तसेच. आपल्याकडे अनारशावर खसखस लावतात, भाजीच्या वाटणात घालतात. ही खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया या देशांत मना आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. गुटखा, पान-सुपारी यांचीही तीच गत. औषधे न्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर ठेवा. काही वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधे तिकडे परवानगीशिवाय चालत नाहीत.

दुसरा प्रश्न, कागद कोणाजवळ? याचे उत्तर एकच: माझ्याजवळ. पासपोर्टावर नाव तुमचे असले, तरी १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. मग तो ठेवून घ्यायचा हक्क कोणा मालकाला कुठून आला? संयुक्त अरब अमिराती, कतार, सौदी अरेबिया या देशांतही कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे मालकाला मना आहे. तरी प्रत्यक्षात मालक मागतात, हे खरे. व्हिसाच्या कामासाठी द्यावाच लागला, तर पोच मागा आणि काम झाल्यावर परत घ्या. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि तिकीट यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच वेगळ्या बॅगेत आणि एक घरी. करारावर सही करण्यापूर्वी त्यात लिहिलेले काम आणि पगार तोंडी सांगितलेल्याशी जुळतात का, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. पैसेही एकाच खिशात ठेवू नयेत. एक पाकीट गेले तर दुसरे राहिले पाहिजे.

फोनवर सगळे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली असते, नाहीतर सिमकार्ड चालत नाही. म्हणून राहण्याचा पत्ता आणि चार नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. घरचा एक नंबर तर पाठच करा. विमानतळाबाहेर “चला, सोडतो” म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. अधिकृत टॅक्सीची रांग असते, तिथे उभे राहा. एकट्या बाईने तर रात्री उतरणारे विमान शक्यतो टाळावे. बाईचा पासपोर्ट ईसीआर असेल, तर घरकामासाठी या देशांत जाताना वय ३० पूर्ण असावे लागते. दलाल वय वाढवून कागद करू म्हणाला, तर समजावे की त्याला तिच्या सुखरूपपणाशी देणेघेणे नाही.

एवढे करूनही संकट आले तर? पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद करा, मग भारतीय दूतावासात जा. तिथे घरी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र मिळते. पोलिसांनी पकडले तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे, अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवा असे सांगण्याचा हक्क आहे. तो हक्क असतो एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ झाले.

आता तिसरा प्रश्न, गावात कोणाला ठाऊक आहे? इथे शिक्षकांना एक विनंती आहे. परदेशी जाणारा मुलगा बहुधा तुमच्याच शाळेतून गेलेला असतो. त्याच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे कोणी असेलच असे नाही. तेव्हा तो पेढे घेऊन आला, की पेढा घ्या आणि करारही मागा. तो त्याला मराठीत समजावून सांगा. कागदांच्या प्रती एका लिफाफ्यात घालून त्याच्या घरी ठेवायला लावा. त्यावर कंपनीचा पत्ता, एजंटचे नाव आणि तिथल्या दूतावासाचा नंबर लिहा. आठवड्याचा एक दिवस फोनसाठी ठरवून द्या. दोन आठवडे फोन आला नाही, तर वाट पाहत बसू नये. सरकारच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. पण त्या वेळी पासपोर्टचा नंबर लागतो. पुष्कळ घरांत नेमका तोच नसतो. मुलगा कुठे आहे विचारले, तर आई एवढेच सांगू शकते, “दुबईला.” दुबई केवढी मोठी! तिथे एका माणसाला शोधायचे कसे? घरात तो लिफाफा असला, तर शोधणाऱ्याला निदान पहिले दार तरी सापडते.