दोन जिवांचं जेवण

माझ्या पहिल्या खेपेला साताऱ्याहून आईचा रोज फोन यायचा. "जेवलीस का? आता दोन जिवांची आहेस, दोघांचं खा गं!" बर दुबईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी शिरा, तूप-भात, पेढे इमानेइतबारे संपवत होते. पालेभाजी निवडायचा मात्र कंटाळा. सहाव्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि मी घाबरून गेले.

त्या काळजीत वाचायला घेतलं, तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम हाती लागलं. १९९३ पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे ८०० गरोदर स्त्रियांचा आहार नोंदवला. या कष्टकरी बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, बाळांचं सुमारे २.७ किलो. एकूण उष्मांक किती पोटात गेले, याचा बाळाच्या वाढीशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या बायका पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. दुधाचंही तसंच.

दुसरी गोष्ट आणखी विचार करायला लावणारी. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली, तर आपली बाळं लहान, हातपाय बारीक. अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढच्या मधुमेहाची बीजं तिथेच असू शकतात.

याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांना बी-१२ कमी पडत होतं. फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा परिणाम कमी होताना दिसला. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मुळीच बंद करू नका. पण शाकाहारी असाल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल जरूर विचारा. ड जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. इथे ऊन रग्गड, पण आपण एसी घरातून एसी गाडीत!

मग मीही मार्ग बदलला. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोड बंद केलं, रोज चालू लागले. करामाच्या दुकानातून मेथी, पालक, शेपू येऊ लागला. आईही फोनवर "शिरा केलास का?" ऐवजी "आज भाजी कोणती?" विचारू लागली. साखर आटोक्यात राहिली, लेक सुखरूप झाली.

आता मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला मी मेथीचं थालीपीठ आणि ताजं दही नेते. पेढाही असतो, पण एकच. गावाकडच्या आयांनो, सासूबाईंनो, लेकीसुनांना दुप्पट नको, चौरस जेवायला सांगा.