हळू फुंका

दम्यासाठी स्पायरोमेट्री केलेल्यांना तंत्रज्ञाचा आरडाओरडा आठवत असेल: "जोरात! अजून, अजून, सोडू नका!" श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजणाऱ्या फेनो चाचणीत मात्र जोर काढलात की यंत्र कुरकुरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नळी तोंडात धरून छाती भरून श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद एका लयीत सोडायचा. पडद्यावर छोटा ढग असतो. तो वर-खाली न जाता दोन रेघांमध्ये तरंगत राहिला पाहिजे. वेग सेकंदाला 50 मिलिलिटर, म्हणजे दहा सेकंदांत जेमतेम अर्धा लिटर हवा.

इतकं हळू का? यंत्र शोधतं ते नायट्रिक ऑक्साइड श्वासनलिकांच्या भिंतींतून हवेत झिरपत असतं. हवा भरकन निघून गेली तर ते कमी मिसळतं आणि आकडा घसरतो. नळीत मुद्दाम थोडा अडथळाही ठेवलेला असतो. त्याविरुद्ध फुंकताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. सायनसमध्ये हा वायू भरपूर असतो. तो मिसळला तर सगळाच घोटाळा.

माणसाच्या श्वासात हा वायू असतो हे 1991 मध्ये कळलं आणि दम्यात तो वाढतो हे 1993 मध्ये. ॲलर्जीच्या धाटणीची सूज असली की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी तो जास्त बनवतात. मोजमाप अब्जांश भागांत. मोठ्या माणसांत 25 च्या खाली आकडा असेल तर अशी सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर असेल तर बरीच, आणि स्टिरॉइडचा पंप लागू पडेल अशी आशा. मधल्या आकड्यांचा अर्थ रुग्णाकडे बघूनच लावायचा.

पंप नियमित घेतला की आकडा उतरतो. त्यामुळे पंप कपाटात पडून असेल, तर डॉक्टरांना बऱ्याचदा शंका येतेच!

आकडा फसवतोही. पालक, बीट खाऊन गेलात तर फुगतो, विडी-सिगारेटने दबतो. धुरामुळे होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या आजारात तो अनेकदा साधाच येतो, म्हणून त्यावरून फुप्फुसं ठणठणीत आहेत असं समजू नये. श्वासनलिका किती अरुंद झाल्या, हे स्पायरोमेट्रीच सांगते.

दोन्ही चाचण्या एकाच दिवशी असतील तर आधी फेनो करून घ्या. स्पायरोमेट्रीत जोर लावून फुंकल्यावर तो आकडा काही काळ खाली येऊ शकतो.